बसून राहण्याची चाचणी

वर्तमानपत्रातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मस्कतला, अल हैलमध्ये मुलाकडे राहू लागलो. शेजारी राहणारी फिजिओथेरपिस्ट मूळची चिपळूणकडची. पक्षाघाताच्या रुग्णांचा तोल तपासण्याची एक चाचणी ती आपल्या पुनर्वसन केंद्रात तुर्की भाषेत बसवत होती. तुर्की सूचना दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा इंग्रजीत आणून मूळ इंग्रजी मजकुराशी ताडून पाहायच्या होत्या. "काका, पेपरात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात," ती म्हणाली, "आता माझ्या काढा." मी काढायला बसलो. सूचनांत फारशा चुका नव्हत्या.

चाचणी प्रथम ज्यांच्यावर करून पाहायची होती, ते रुसैलच्या एका कारखान्यातले तुर्की फोरमन होते. त्यांचे उजवे अंग लुळे पडले होते. त्याच कारखान्यात काम करणारा पुतण्या दुभाषा म्हणून येई. फोरमनची मागणी एकच होती: संडासात आपल्याला एकट्याला बसू द्यावे. आधाराशिवाय बसता येते हे चाचणीत दिसेपर्यंत मदतनीस आत उभा राहील, असा केंद्राचा नियम होता. त्याच्यासमोर बसण्याची वेळ कमी यावी म्हणून त्यांनी पाणी पिणेच कमी केले होते. पुतण्याने हे खाली बघत सांगितले.

चाचणीच्या दिवशी मला उशीर झाला. पुतण्या सूचना शब्दशः वाचतो का, एवढेच मला रोमन लिपीतल्या तुर्की कागदावर बोट ठेवून पाहायचे होते. दार हळूच लोटून आत शिरलो. फोरमन खाटेच्या कडेवर बसले होते. पाय जमिनीवर, पाठ सरळ. माझे पांढरे केस दिसताच त्यांनी डावा हात छातीवर नेला आणि ते उठायला गेले. तसेच उजवीकडे कलंडले. थेरपिस्टने आणि पुतण्याने त्यांना धरले. झग्याचे मागचे बंद सुटून पाठ कमरेपर्यंत उघडी पडली. मी बाहेर जायला हवे होते. मी पाहत राहिलो.

"तुमच्यामुळे पडले ते, काका," व्हरांड्यात ती म्हणाली.

उठू नका, असे सूचनेतच घालावे, असे मी सुचवले.

"सांगून झालं. म्हणतात, वडील माणूस उभा आणि मी बसून राहू? माझ्या अब्बांनीही ऐकलं नसतं. तुम्ही बसला असतात का?"

बसलो नसतो. दार लोटण्याआधी हे कळायला तुर्की यावे लागत नव्हते.

निकाल नियमाप्रमाणे लागला: आधाराशिवाय बसता येत नाही. फेरचाचणी पुढच्या आठवड्यात. तोवर मदतनीस आतच राहणार होता. संध्याकाळी पुतण्या निरोप घेऊन आला. उठून मान देता आला नाही याबद्दल फोरमननी माझी माफी मागितली होती.

चाचणीत एक ओळ वाढवायची ठरले. मी मसुदा केला: 'चाचणीदरम्यान व्यत्यय टाळावा.' थेरपिस्टने तो वाचून परत दिला. "व्यत्यय म्हणजे कोण, तेही लिहा की." मग लिहिले: उपस्थित राहणाऱ्यांनी, विशेषतः वयस्कर व्यक्तींनी, रुग्णाला आणण्यापूर्वी बसून घ्यावे; मध्येच कोणी आत येऊ नये.

फेरचाचणीला मी आधीच कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसलो. फोरमननी बसल्या जागी मान लववली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. ठरलेला वेळ पुरा झाला. ते हलले नाहीत.

त्यांनी लगेच संडासाकडे बोट दाखवले. मदतनिसाने त्यांना आत बसवून दिले आणि बाहेर येऊन दार ओढून घेतले. आम्ही चौघे दाराबाहेर उभे राहिलो. पडल्याचा आवाज येतो का, म्हणून कान लावून ऐकत होतो. निदान तशी आमची समजूत होती. थोड्या वेळाने त्यांनी आत नळ सोडला, अगदी पुरता. पाण्यापुढे दुसरे काही ऐकू येईना. पहिल्यांदा मदतनीस दारापासून मागे सरला. मग आम्ही.