औषध वाढवावे

माझ्या वडिलांची सगळी नोकरी मीठ खात्यात गेली. मिठागरांच्या बांधांवरून उन्हातान्हात फिरून त्यांनी तीस वर्षं काढली, पेन्शन घेऊन चौलला घरी आले आणि वर्षभरातच डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं. यातला विनोद त्यांनीच सगळ्यांच्या आधी ओळखला. "सरकारचं मीठ खाल्लं ते आता अंगातून परत काढून घेतायत," आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत ते म्हणाले. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. दहा पावलं चाललं की धाप लागायची.

मी तेव्हा मुंबईच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. दिवाळीच्या सुटीत आगबोटीने घरी आलो तो बाबा ओटीवर तीन उशांना टेकून बसलेले. आडवं होता येत नव्हतं. सुदैवाने हवापालटासाठी अलिबागला आलेला मुंबईचा एक मोठा डॉक्टर कोणाच्या तरी ओळखीने मोटारीतून आमच्याकडे आला. त्याची पेटी उचलायला एक माणूस होता आणि त्या माणसावर छत्री धरायला दुसरा. पेटीला ऊन लागू द्यायचं नव्हतं, कारण तिच्यात रक्ताचा दाब मोजायचं यंत्र होतं. डॉक्टरने बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, पारा चढला, थरथरला, उतरला. मग त्याने इंग्रजीत एक आकडा उच्चारला आणि ओटीखाली जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आकडा चांगला की वाईट हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी इंग्रजीचा मास्तर असल्यामुळे माझी मान सगळ्यांत जास्त डोलली.

हृदय थकलंय, पडून राहायचं, मीठ बंद, आणि टिंक्चर डिजिटॅलिसचे दहा थेंब पाण्यातून दिवसातून तीन वेळा, असं सांगून तो गेला. पुढची देखरेख रेवदंड्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरकडे आली. बाटली लहान, तपकिरी काचेची होती. आईने ती उजेडात धरून बघितली.

"कशाचं रे हे?"

"एका झाडाच्या पाल्याचं."

"मग बरं," आई म्हणाली. पाल्यावर तिचा विश्वास होता.

आणि औषधाने खरोखरच काम केलं. आठवडाभरात सूज ओसरली, बाबा एका उशीवर आडवे होऊ लागले. पूर्वी त्यांची नाडी हाताला लागायची ती कशीही, दोन ठोके पळत, एक गाळून. आमच्या शेजारच्या वाडीत सुपारीला पाणी द्यायचा रहाट होता, त्याचा रेडा म्हातारा होता, मध्येच थांबायचा. बाबा म्हणायचे, "आमचं दोघांचं जमतं." आता नाडी सावकाश आणि एकसारखी झाली. रेवदंड्याच्या डॉक्टरने मला सांगितलं होतं की या औषधाचा गुणच तो, नाडी सावकाश आणि ठसठशीत करणं. मी ते पक्कं लक्षात ठेवलं. त्याच्या पुढचं ऐकून घ्यायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी बाबांनी सकाळचा चहा परत केला. मळमळतंय म्हणाले. डॉक्टर येऊन गेला, बराच वेळ मनगट धरून बसला. "जरा पुस्तक बघतो आणि उद्या कंपौंडरकडून निरोप पाठवतो," एवढंच म्हणाला. पुस्तक बघतो असं कबूल करणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. मला त्याचा आदरच वाटायला हवा होता. मला वाटलं, पोरगा कच्चा आहे.

मंगळवारी मी रजा वाढवून मागण्याची तार करायला रेवदंड्याच्या पोस्टात गेलो होतो. परत आलो तो कंपौंडर येऊन गेलेला. हे गृहस्थ दवाखान्यात सगळ्यांत जुने. डॉक्टर बदलून जायचे, कंपौंडर तेच. काळी टोपी, बगलेत छत्री, आवाज नेहमी देवळात बोलल्यासारखा. माझ्यासाठी त्यांनी चिठ्ठी ठेवली होती, वळणदार बाळबोध अक्षरात: "डॉक्टरसाहेबांचे सांगण्यावरून औषध वाढवावे. शुक्रवारी सायंकाळी साहेब जातीने येतील."

किती वाढवावे हे लिहिलं नव्हतं. मला त्याचा राग आला आणि थोडा आनंदही झाला, कारण माझ्याकडे घरगुती वैद्यकावरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. त्यात हे औषध पाच ते पंधरा थेंब द्यावं असं छापलेलं होतं. मी पंधरा ठरवले. बाटली नेहमीच्या कोनाड्यात सापडली नाही.

"आई, औषध कुठाय?"

"वर फडताळात ठेवलं. ते येऊन सांगून गेले ना, औषध वाढवा म्हणून."

"म्हणूनच काढ. आता पंधरा थेंब द्यायचे."

आई हात पुसत माझ्याकडे बघत राहिली. "पंधरा?"

"चिठ्ठीत लिहिलंय."

"चिठ्ठीत तसं लिहिलंय?"

"आई, मला वाचता येतं."

ती स्टुलावर चढली आणि बाटली काढून दिली. तिला वाचता येत नव्हतं.

मी रोज तीनदा घड्याळ हातात धरून नाडी मोजायचो आणि वहीत लिहायचो. मंगळवारी छप्पन्न. बुधवारी पन्नास. गुरुवारी शेहेचाळीस. सावकाश आणि ठसठशीत. आकडा खाली येईल तसा मी खूश होत होतो. बाबांच्या पोटात मात्र पेजसुद्धा ठरत नव्हती. गुरुवारी दुपारी ते झोपाळ्यामागच्या खिडकीतून वाडीकडे बघत होते.

"झावळ्यांवर रोग पडलाय का रे?"

"नाही. का?"

"पिवळ्या दिसतायत. आणि तुझा सदरा काय हळदीत बुडवलास?"

माझा सदरा पांढरा होता. आई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "औषध मानवत नाहीसं वाटतंय त्यांना."

"नाडी बघ की. कशी शांत चालते."

"फार शांत वाटते रे."

मी तिला ग्रंथ उघडून दाखवला. काय दाखवत होतो देव जाणे. ती पानाकडे न बघता बाबांकडे बघत होती.

शुक्रवारी सकाळी नाडी चाळीस भरली. मी पुन्हा मोजली, पुन्हा चाळीस. दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी जागा होती की तेवढ्यात माणसाला घाम फुटावा, आणि मला तो फुटला. तरी दुपारची वेळ झाली तशी मी पेला घेतला आणि काचेच्या नळीतून थेंब मोजायला लागलो. चिठ्ठी होती, ग्रंथ होता, संध्याकाळी डॉक्टर येणारच होता. अकरा थेंब पडले होते तेवढ्यात ओटीवर चपला वाजल्या.

बाबांचे जुने स्नेही होते ते. मुसलमान आळीत त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि दर दोन दिवसांनी ते बाबांशी गप्पा मारायला यायचे.

"सलाम, मास्तर. कसं काय भाईसाहेबांचं? आज जुम्मा, नमाजला जायचं हाय. म्हटलं दुकान वाढवलंच हाय, तर त्यांना बघून जावं."

माझा हात पेल्यावर तसाच राहिला.

"काय केलंत दुकान?"

"वाढवलं."

"म्हणजे बंद केलंत."

"तोबा तोबा!" ते हसले. "भरल्या दुपारी असं काय बोलता? बंद होवो दुश्मनाचं. आम्ही वाढवतो."

लहानपणापासून मी हा शब्द ऐकत आलो होतो. आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. जे संपवायचं ते वाढवायचं, म्हणजे नशिबाला ऐकू जात नाही. मुंबईत मित्रांच्या बैठकीत या असल्या शब्दभीतीवर मी पुष्कळ विनोद केले होते. मागे वळून बघितलं तर आई दारात उभी. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिने पुढे होऊन माझ्या हातातला पेला घेतला आणि मोरीत ओतला.

त्या भल्या गृहस्थांची अंगणात लावलेली सायकल मी न विचारताच घेतली. चौलच्या वाड्यांमधला रस्ता वाळूचा, चाकं रुतत होती, उतरून ढकलावी लागत होती, आणि मी मनात ठोके मोजत होतो. दवाखान्यात डॉक्टर जेवायला उठत होता. मी म्हटलं, "औषध वाढवलं त्याने नाडी चाळीसवर आलीय."

"वाढवलं? म्हणजे जास्त दिलंत?"

"पंधरा थेंब. तीन दिवस."

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "पण मी तर थांबवा म्हणून लिहून दिलं होतं." आणि त्याने कंपौंडरकडे बघितलं.

कंपौंडर औषधाच्या बाटलीवर चिकटवायच्या कागदी पट्टीला डोसाच्या खाचा कापत होते. कात्री त्यांच्या हातात तशीच राहिली. "साहेब, मी लिहिलं की तसंच. वाढवावे म्हणून."

"स्टॉपचं मराठी वाढवावे?"

"आता आजाऱ्याच्या घरात, साहेब, बंद करा असं कसं लिहायचं? औषध बंद म्हटलं की माणसं काय समजतात ते तुम्हाला ठाऊक नाही. तीस वर्षं मी असंच लिहितोय. आजवर कोणी चुकलं नाही."

टांग्यात आम्ही तिघं बसलो. डॉक्टरने पेटी मांडीवर घेतली. वाटेत कंपौंडर माझ्याकडे न बघता, त्याच देवळातल्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला मराठी येतं."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

डॉक्टरने बाबांना तपासलं आणि मला ओटीवर नेऊन सांगितलं: औषध थांबवायचं, कुशीवरसुद्धा हळू वळवायचं, आणि वाट बघायची. हे औषध अंगात साठत जातं, मग मळमळतं, सगळं पिवळं दिसतं, आणि ते आपल्या वेळेनेच उतरतं. यावर दुसरं काही द्यायचं नाही का, मी विचारलं. "धीर," तो म्हणाला, "पण तो मलाही कमीच आहे." या वेळी मला त्याचा आदर वाटला.

शनिवारी सकाळी नाडी अडतीस होती. मी वहीत लिहिली नाही. वही मला नको झाली होती. रहाट चालू होता, रेडा थांबला की माझाही श्वास थांबायचा, आणि मग कुठे तरी पुन्हा करकर सुरू व्हायची. आई बाबांच्या पायांशी बसून होती. दुपारी मीच म्हणालो, "तू वर ठेवून दिली होतीस ना बाटली."

"ठेवली होती. मग मला वाटलं, लिहिताना त्यांनी निराळं लिहिलं असेल." बाबांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत ती म्हणाली, "मी विचारायला हवं होतं."

तिने विचारलं होतं, दोनदा. मी ते तिला सांगितलं नाही, सांगायचा धीर झाला नाही.

रविवारी संध्याकाळी बेचाळीस. सोमवारी अठ्ठेचाळीस, आणि बाबांनी पेज मागून घेतली. बुधवारी ते माझ्याकडे टक लावून बघत म्हणाले, "सदरा धुतलास वाटतं." मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. गुरुवारी नाडी साठ भरली तेव्हा काय घडलं होतं ते मी त्यांना सांगून टाकलं. ते ऐकून घेत राहिले, मग डोळे मिटून म्हणाले, "इंग्रजी शाळेत घातलं ते मीच."

त्याच दिवशी आईने माझ्या हातात नारळ ठेवला. रामेश्वराला बोलली होती. मी नवसाबिवसावर काही न बोलता निघालो. पुजाऱ्याने नारळ हातात घेऊन विचारलं, "वाढवायचा ना?" 'फोडा' असं स्वच्छ मराठीत सांगायचं मी वाटेतच ठरवलं होतं. पण घरी बाबांची नाडी साठ होती, आणि साठच राहायला हवी होती. मी म्हणालो, "वाढवा." पुजाऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

औषध पुढे पुन्हा सुरू झालं, पाच थेंबांनी. थेंब आता आई मोजायची आणि डॉक्टर स्वतः येऊन सांगायचा. पण त्या गुरुवारी संध्याकाळी बाबा पहिल्यांदा पाटावर येऊन जेवायला बसले. पानात मऊ भात, अळणी वरण आणि देवाच्या नारळाची अळणी चटणी. त्यांनी दोन घास खाल्ले आणि आईकडे पान सरकवलं.

"अगं, चिमूटभर मीठ वाढ."

आईचा हात वरणाच्या भांड्यावर होता. तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लिहून द्या," ती म्हणाली. "म्हणजे काय करायचं ते मास्तर वाचून सांगतील."

बाबा हसले, हसता हसता त्यांना धाप लागली, आणि मी पानावरून उठून उष्ट्या हाताने त्यांचं मनगट धरलं.