जावयाच्या ट्रॉलीचा ब्रेक

"थांबते का?"

कोणी नवी गाडी घेऊन पेढा द्यायला आला की मिस्त्री पेढा हातात धरून आधी हेच विचारायचे. किती पळते, काय ॲव्हरेज देते, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. समोरचा म्हणे, "आजच शोरूममधून काहाडली मिस्त्री, थांबन नाई त काय?" तरी हे वाकून ब्रेक दाबून पाहणार, आणि मगच पेढा तोंडात टाकणार. असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आनंदाच्या वेळी नेमका खोडा घालणारा.

पांढुर्ण्यात सौंसर रोडला माझं पिको-फॉलचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं वेल्डिंगचं. घरंही मागच्या बोळीत समोरासमोर. माझ्या नवऱ्याचे ते दोस्त, म्हणून मी वहिनी. एकदा मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझ्या मशीनच्या चाकाला टायरच्या रबराचा ब्रेक बसवला. मशीन अशी जागच्या जागी थांबायला लागली की मीच झोक जाऊन पुढे पडायची.

"भाऊजी, काहाडा हे. मले काय घाट उतरायचा हाय?"

"सवय होते, वहिनी. थांब्याची सवय लावा लागते."

आता ट्रॉलीचं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. ट्रॅक्टरला ब्रेक असतो. मागच्या ट्रॉलीला आमच्याकडे सहसा नसतोच. भरलेली ट्रॉली उताराला लागली आणि ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला की ती मागून ढकलते, आणि ट्रॅक्टर उलटतो. माणूस खाली. असे मेलेले आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मिस्त्री म्हणाले, "ढकलते ना? मंग त्या ढकलन्यालेच कामाले लावतो." त्यांनी ट्रॉलीचा पुढचा दांडा मागेपुढे सरकता केला. ट्रॉलीनं ढकललं की दांडा मागे सरके आणि तिच्याच चाकांचे ब्रेक आवळे. जितका जोराचा धक्का, तितका पक्का ब्रेक. कागद नाही, नकाशा नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत नुसतं जोडणं आणि तोडणं चाललं होतं.

एक खोट होती. ट्रॉली मागे घ्यायला गेलं की तेव्हाही दांडा दाबला जाई आणि ब्रेक लागे. जिनिंगच्या फाटकात एक ट्रॉली अशी अडकली की मागच्या गाड्यांची रांग रोडवर आली. "मिस्त्री, हे त नुसती थांबतेच! चालाचं काय?" लोक हसून हसून बेजार.

मग त्यांनी एक लाल पिन केली. मागे घेताना घालायची, म्हणजे दांडा सरकत नाही; पुढे निघताना काढायची. लोक घालत आणि विसरत. चहाच्या टपरीवर उभ्या ट्रॉल्यांच्या पिना हे स्वतः काढत फिरायचे, शिव्या खायचे.

"आमच्या गाडीत हात घालू नोका ना मिस्त्री."

"पिन राहिली त ब्रेक नाई, बापू. मंग हे लोखंड शोभेचं."

पहिला मनासारखा जमलेला ब्रेक त्यांनी जावयाच्या ट्रॉलीला बसवला. बोरगावचा जावई, एकुलत्या लेकीचा नवरा, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. जावई संत्रा विकून, सरकीच्या ढेपेची पोती भरून परत निघाला आणि सासुरवाडीला जेवायला थांबला. बोळ अरुंद, ट्रॉली मागे घेत रोडवर काढावी लागली. जावयाचे हात काळे होऊ द्यायचे नसतात आपल्याकडे. म्हणून पिन मिस्त्रींनीच घातली.

रोडवर सासूबाई ताट घेऊन उभ्याच. कुंकू लावलं, हातावर दही दिलं. जावई निघाला. मी दुकानाच्या पायरीवर होते. ट्रॉली थोडी पुढे गेली आणि मिस्त्री एकदम धावले.

"जावईबापू...!"

बायकोनं त्यांचा दंडच धरला. "निघाल्या मानसाले मांगून हाक मारू नोका! काय करून राहिले तुमी? अपशकून हाय ना!"

आणि ते थांबले. क्षणभरच. मग फोन लावला; ट्रॅक्टरच्या आवाजात तो कुठं ऐकू जातो? मग मोटरसायकल काढून पाठीमागे गेले. मला वाटलं, काही द्यायचं राहिलं असेल.

उतार त्यांच्याआधी आला.

संध्याकाळी परतले तेव्हा आधी माझ्या दुकानात शिरले. मूठ उघडली. आत लाल पिन. "लागलेलीच होती, वहिनी. याच्याचसाठी हाक मारत होतो." मग म्हणाले, "माह्या बायकोले हे कळू देऊ नोका. ते जगनार नाई."

जावयाची माती झाल्यावर अंगणात माणसं बसली होती. गावात बोलणं सुरू झालंच होतं, सासऱ्याच्या ब्रेकनं जावई खाल्ला. व्याह्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, एवढंच सांगा. काऊन नाई थांबली?"

दारात त्यांची बायको बसली होती, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन. मिस्त्रींनी तिकडे पाहिलं.

"ब्रेकच खराब होता, पाव्हने. माहंच काम."

मग त्यांनी लोकांच्या ट्रॉल्यांना बसवलेले ब्रेक एकेक करून कापून काढले. रामाकोन्याचा एक शेतकरी हटून बसला. "माही त मस्त थांबते, मिस्त्री. उतारावर नेऊन दाखवू का?" मिस्त्रींनी त्याचे पाय धरले.

मी न राहवून विचारलं, "भाऊजी, चांगलं चालते ते काऊन तोडून राहिले?"

"एक बी चांगला राहिला त लोक विचारतीन, मंग जावयाचाच काऊन नाई चालला?"

त्या ट्रॉल्या पुन्हा बिनब्रेकच्या उताराला लागल्या. पुढे त्यांतली एखादी उलटली असेल तर? हे त्यांच्या मनात आलं नसेल असं मला वाटत नाही. चांगलं केलं की वाईट, तुम्हीच ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर मिस्त्रींनी फक्त खिडक्यांच्या जाळ्या केल्या. फार जगले नाहीत. त्यांच्यामागे बायकोही गेली, म्हणून आज लिहिते आहे. नाहीतर हे माझ्यासोबतच जायचं होतं.

मिस्त्रींच्या दहाव्याला मी त्यांच्या घरी पिठलं-भाकर घेऊन गेले होते. त्यांची बायको शांत होती. ताटाकडे पाहत म्हणाली,

"मानूस देवासारखा होता, बाई. पन हातचं काम धड नोतं."

मी "हो" म्हटलं आणि तिला भाकर वाढली.