पाणी आलं की आधी कागद

समुद्रात बुडत चाललेल्या एका बेटावर मी कादंबरी लिहिली, ती कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर बसून. बेट मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, तेही सहलीच्या बोटीतून, आणि त्या दिवशी मला बोट लागली होती. पण तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलेल्या बाईला असल्या गोष्टींची अडचण वाटत नाही. वाढत्या समुद्राबद्दल मिळेल ते वाचलं, वह्या भरल्या आणि निवृत्तीनंतरची तीन वर्षं त्या बेटावरच्या लोकांसाठी गहिवरण्यात घालवली.

मी हातानं लिहिते. ते संगणकावर उतरवून द्यायचे एक गृहस्थ. कर्वेनगरच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या वस्तीत त्यांच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. आधी ते बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात होते. तो बंद पडल्यावर घरीच काम घ्यायला लागले. माझं अक्षर माझ्या मुलीला लागत नाही, त्यांना लागायचं. माझ्या चुका ते न विचारता दुरुस्त करायचे आणि मला ते फारसं आवडायचं नाही. "तुमचं नाव पुस्तकात येणार बरं का," असं मी दर खेपेला म्हणायचे. ते नुसते हसायचे.

कादंबरीत एक प्रसंग आहे. बेटावर पहिल्यांदा समुद्र शिरतो, तेव्हा गावकरी घरदार सोडून आधी देवीचा मुखवटा डोक्यावर घेतात आणि टेकडीकडे निघतात. ते प्रकरण टाइप करून आणलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, एक बोलू का? पाणी आलं की माणसं आधी कागद उचलतात. रेशनकार्ड, लाइटबिलं, पोरांचे दाखले. देव नंतर. देवाकडे कुणी पुरावा मागत नाही."

मी त्यांना प्रतीक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चांगली दहा मिनिटं सांगितलं. धरणातून पाणी सोडलं की नदी यांच्या दारात येते, हे मला ठाऊक होतं, तरी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मुखवटा जागच्या जागी राहिला.

पुढच्या पावसाळ्यात शेवटची सहा प्रकरणं त्यांच्याकडे होती. मी त्यांची झेरॉक्स काढली नव्हती. दुकानापर्यंत जायचा कंटाळा. एका सकाळी सातला त्यांचा फोन आला. "मॅडम, पाणी सोडलंय. गल्लीत आलंय. आज काम व्हायचं नाही."

"माझी प्रकरणं कुठं आहेत?" मी विचारलं. पहिलं वाक्य हेच. मुलं कुठं आहेत, तुम्ही निघालात का, यातलं काही नाही. वर हेही म्हटलं, "ती आधी बाहेर काढा हो, दुसरी प्रत नाहीये माझ्याकडे."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी ते माझ्या दारात उभे. छातीपर्यंत ओले, हातात सुतळीनं तोंड आवळलेली प्लॅस्टिकची पिशवी. आत एक पान भिजलं नव्हतं. मी चहा केला. घरच्यांना शाळेत हलवलंय, संगणक गेला, एवढं ते म्हणाले. मी जास्त विचारलं नाही. ते गेल्यावर पानं सगळी आहेत ना, ते मात्र तपासून घेतलं.

त्यांचा संगणकच उरला नव्हता, म्हणून राहिलेलं काम प्रकाशकांनी दुसरीकडून करून घेतलं. माझं मनोगत आणि आभाराचं पानही तिकडेच झालं. मग प्रकाशन समारंभ, शाल, श्रीफळ. ज्यांची कुठंच नोंद नाही अशा माणसांची या लेखिकेनं नोंद घेतली, असं अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मुखवट्याचा उतारा वाचून दाखवला. मला फार बरं वाटलं. टाइप करणाऱ्यांना बोलवायचं राहून गेलं होतं.

वर्षभरानं ते घरी आले. सोफ्याच्या कडेवर बसले. वस्ती उठणार होती आणि जुन्या रहिवाशांना दुसरीकडे पक्की खोली मिळणार होती. जुने म्हणजे कागदावर जुने. त्या सकाळचं सगळं मला तेव्हा कळलं. खुंटीला दोन पिशव्या होत्या, एक माझी, एक त्यांच्या कागदांची. पाणी कमरेच्या वर आलेलं, एका हातानं धाकटीला धरलेलं. दुसऱ्या हातात एकच पिशवी मावली. परत जाता आलं नाही.

"नवे कागद मिळाले, मॅडम. जुनी तारीख मिळत नाही," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, प्रुफातली चूक दाखवावी तसं म्हणाले.

मी पत्र लिहून देते म्हटलं.

"पत्रं चालत नाहीत. पण छापील असलं की साहेब लोक जरा बघतात. तुमच्या पुस्तकात आभार असतील ना? माझं नाव, वस्तीचं नाव. आपण म्हणाला होतात. तेवढं पान दाखवतो."

त्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं. तरी उठले आणि पुस्तक आणून दिलं. त्यांनी सवयीच्या हातानं बरोबर पान काढलं. समुद्राचे अभ्यासक होते, पदवीसकट. ग्रंथपाल होते. कोकणात आठ दिवस मला मासे खाऊ घालणाऱ्या वहिनी होत्या. शेवटी एक ओळ होती, 'टंकलेखनाचे काम आस्थेने करणाऱ्या सर्वांचे आभार.' शेवटची सहा प्रकरणं सोडली तर सगळं काम त्यांनी एकट्यानं केलं होतं. ओळीखाली बोट ठेवून त्यांनी ती वाचली, मग पान उलटून मागं आणखी काही आहे का ते पाहिलं.

मला माझी लाज वाटली. आणि त्या लाजेतही मी बोलले ते असं, "दुसऱ्या आवृत्तीत नक्की घालते."

त्यांनी पुस्तक टीपॉयवर नीट ठेवलं. दाराशी चपला घालताना विचारलं, "मुखवटा ठेवलात का शेवटी?"

"ठेवला."

"बरं केलंत," म्हणाले. "कागद लोकांना आवडले नसते."

खोली त्यांना मिळाली नाही. दुसरी आवृत्ती अजून निघायची आहे.