दोन्ही बसमधून गेलेलं नाव

चाकणच्या एका कंपनीत कामगारांना बसची जागा देणारं जुनं वेबपेज मी नव्याने लिहिलं होतं. ते सुरू होऊन आठवडा झाला, आणि जेवणाच्या सुट्टीत असेंब्ली लाइनवरच्या एक ताई माझ्या टेबलापाशी आल्या. मूळच्या लातूरकडच्या. थेरगावहून आकुर्डीला राहायला गेल्या म्हणून त्यांनी बस बदलून मागितली होती.

"मॅडम, आकुर्डीच्या गाडीत माझं नाव नाही. थेरगावच्या यादीतून पण गेलं. मग मी आहे कुठं?"

मी डेटाबेस उघडला. खरंच कुठेच नव्हत्या. आकुर्डीची बस भरलेली होती. म्हणजे थेरगावची जागा काढली गेली, नवी मिळाली नाही आणि काम अर्ध्यावर थांबलं. मी त्यांना तसं सांगितलं.

"मग आधी नवी द्या की, जुनी नंतर काढा."

पण तसं करताना दुसरी पायरी अडली असती, तर त्या दोन्ही बसमध्ये दिसल्या असत्या. दोन्ही पायऱ्या एकत्र व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, यासाठीच तर ट्रान्झॅक्शन असतं. आणि ते माझ्या कोडमध्ये होतं! चुकलं तर सगळं मागे घेणारी ओळसुद्धा होती. मग मागे का घेतलं गेलं नाही?

त्यांचं नाव हाताने थेरगावच्या यादीत घातलं. पण दुपारभर मला दुसरं काही सुचेना. शेवटी प्रत्येक पायरी डेटाबेसशी कोणत्या जोडणीतून बोलते, तिचा क्रमांक छापून पाहिला. आकडे वेगवेगळे! जुनं पान सगळीकडे एकच जोडणी वापरायचं. मी नीटनेटकेपणाच्या नादात प्रत्येक फंक्शनला, म्हणजे कोडच्या प्रत्येक तुकड्याला, वेगळी दिली होती. ट्रान्झॅक्शन सुरू व्हायचं एकीवर, बदल व्हायचे दुसरीवर, आणि तिथे ते लगेच कायम व्हायचे. पहिलीवर मागे घ्यायला काही नसायचंच.

दुसऱ्या दिवशी ताईंसमोरच दुरुस्त पान चालवलं. आकुर्डीची बस भरलेलीच होती, पण त्यांचं नाव थेरगावच्या यादीतून हललं नाही.

"म्हणजे आकुर्डी नाहीच मिळाली," त्या म्हणाल्या.

"नाही. पण थेरगाव गेलं नाही."

त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "मॅडम, माझ्यासारखी अजून कुणाची नावं गेली असतील का?"

ते मी शोधलंच नव्हतं. शोधलं, तर आणखी दोघे निघाले. त्यातले एक, आपली बस बंद झाली असं समजून, रोज मोटरसायकलवर येत होते.