समोरून आलेला एकच दिवा

पोरी, पुण्यात असलीस तरी जरा जवळ सरक आणि आजीचं ऐक. नव्या गाडीला पांढरे दिवे बसवून घेतलेस म्हणे, आणि मला कळतंय ते तुझ्या आईकडून. शहाणीच आहेस की.

तुझ्या बापानंही हेच केलं होतं. त्याच्या गाडीचे आधीचे दिवे पिवळे. लांबचं फार दिसायचं नाही, पण रस्त्याची कड, खड्डा, आडवी आलेली शेळी, सगळं ओळखू यायचं. ते काढून यानं पांढरे बसवले. म्हणाला, दिवस उगवल्यासारखं वाटतंय का नाही बघ. वाटलं खरं. पण समोरची प्रत्येक गाडी आपले दिवे उघडझाप करत होती, आणि हा म्हणे, जळतात लोक.

श्रीपूरहून सोलापूरला येत होतो. उसाचे दिवस, दिवेलागणीची वेळ. मी पुढंच बसले होते. समोरून एकच दिवा आला. आपल्याकडं एक दिवा म्हणजे मोटारसायकल, आणि मोटारसायकलला कुणी किती जागा सोडतं ते तुला ठाऊक आहे. यानं तेवढीच सोडली. मला तो दिवा जरा उंच वाटला. बोलणार तोवर त्याच्यामागं काळं काहीतरी दिसलं, घराएवढं. ट्रॅक्टर होता गं. आमच्या बाजूचा दिवा फुटलेला, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि सरळ आमच्याच अंगावर येत होता.

तुझ्या बापानं गाडी रस्त्याच्या खाली घातली. ऊस गाडीला खरवडत गेला, तुझ्या बापाच्या बाजूचा आरसा घेऊन गेला. मी डोळे मिटून तुझं नाव घेत होते, देवाचं सुचलंच नाही.

ट्रॅक्टरवाला पळत आला. हा त्याला झापायला खाली उतरला. पण आधी तोच म्हणाला, "मालक, तुमच्या उजेडानं माझं डोळंच दिपलं. रस्ता कुटं हाय, कायबी दिसंना." मी पाण्याची बाटली पुढं केली, आधी त्याला, मग याला.

दुसऱ्याच दिवशी पिवळे दिवे परत बसले. पण अजूनही संध्याकाळी तुझा बाप बाहेर असला की मला घास जात नाही. आता त्यात तुझी भर.

ते दिवे बदलून घे बाई. आणि लवकर ये, लई दिवस झाले तुला बघून. फक्त सकाळी निघ, उन्हातान्हाची ये, ऊन लागलं तर लागू दे.