ताईच्या खात्यातला 'हो'

डहाणूरोडच्या आमच्या सब-ब्रोकरने माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. तिच्या खात्यात तिला न विचारता सौदे केले आणि तिची निवृत्तीची पुंजी घालवली. हे मी तीन वर्षं भेटेल त्याला सांगतोय. त्यातला एक शब्द खोटा नाही. पण पूर्ण गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

मी मूळचा सरावलीचा. घरचं काही नव्हतं. विशीत नरपडच्या वाड्यांमधले चिकू उक्ते घ्यायला लागलो. उक्ते म्हणजे अख्ख्या वाडीचा हंगाम एका रकमेत. झाडावरचं फळ डोळ्यांनीच मापायचं, सालीला नख मारून खाली हिरवं आहे की पिवळट ते बघायचं आणि मग वाडीवाल्याशी भांडायचं. भांडायला मी पक्का. चपला घालून चालू पडायचो, फाटकाशी पोचेपर्यंत मागून हाक यायची. नाही आली तर दुसऱ्या दिवशी आपणच परत जायचो. ते कुणाला सांगत नसे.

चाळिशीत शेअर बाजारात आलो तो याच जोरावर. आधी हंगाम नसताना दोन-चार सौदे, मग वाड्या सोडल्या आणि तोच पूर्ण वेळचा धंदा झाला. सव्वानऊच्या आत आंघोळ उरकून दोन स्क्रीनसमोर बसायचं ते साडेतीनला उठायचं. मधे घरातल्या कुणी बोलायचं नाही. घर चाललं, मुलीचं कॉलेज झालं. पण एक गोष्ट मला कायम बोचायची. स्क्रीनशी घासाघीस करता येत नाही. भाव दिसतो तो घ्या, नाहीतर सोडा. रागावलो तरी कुणावर रागावणार? मग ती सगळी खुमखुमी निघायची सब-ब्रोकरवर, त्याच्या दलालीवरून.

तो माझ्याच वयाचा. मेडिकलच्या वर त्याचं ऑफिस. घरी गुजराती, आमच्याशी मराठी.

"अजून किती कमी करू शेठ? लाइट बिल पण निघत नाय."

"मग लाइट बंद करून बस. लोक मोबाइलवर फुकटात करतात."

"करा ने मोबाइलवर! मोबाइल चहा पाजतो काय?"

"तुझ्या चहात तरी काय असतं? गरम पाणी."

असं वर्षभर चाललं. एक दिवस तो अचानक भावात खाली आला. "जा शेठ, तुमची दलाली माफ. एक रुपया नको. फक्त ताईंचं खातं माझ्याकडे उघडा."

ताई तलासरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पाड्यांवरच्या शाळांत पस्तीस वर्षं काढली, राहिली भाड्याच्या खोल्यांत, एकटी. तलासरीला तिने एक प्लॉट घेऊन ठेवला होता. निवृत्तीचे पैसे आले की त्यावर दोन खोल्या आणि पुढे पडवी बांधायची, एवढंच तिचं ठरलेलं. पैसे आले तेव्हा मीच म्हटलं, घाई कशाला, वर्ष-दोन वर्षं चांगल्या कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवू, पडवीबरोबर गच्चीही होईल.

नरपडच्या कुठल्या वाडीवाल्याने असा एकाएकी भाव सोडला असता तर मी स्वतः झाडावर चढून बघितलं असतं. फळात काहीतरी बिघडलंय हे मला न सांगता कळलं असतं. इथे मात्र मी शीळ घालत जिना उतरलो आणि घरी येऊन बायकोला म्हटलं, "शेवटी हरला तो."

ताईच्या खात्याला मोबाइल नंबर माझा दिला. तिकडे रेंज नसते, तिला कशाला त्रास. शेअर मी स्वतः निवडले आणि ते चांगलेच होते. काही महिन्यांनी सब-ब्रोकरचा फोन आला, "ताईंचे शेअर नुसते पडून हायेत. गहाण टाकू आणि त्यावर ऑप्शन विकू. बाजार फार पडला नाय तर दर आठवड्याला काहीतरी सुटेल. शेअर तर जागेवरच राहणार." त्यानंतर दर आठवड्याला, नेमका बाजार चालू असताना, फोन यायला लागला. ओटीपी आला की मी वाचून दाखवायचो. तो विचारायचा, "करू ने?" मी म्हणायचो, "हो, हो, कर. ठेव आता." माझं लक्ष माझ्या स्क्रीनवर. माझी माफ केलेली दलाली तो ताईच्या सौद्यांतून काढतोय, हे मला सुचलं नाही. मला! ज्याने चिकूच्या एका खोक्यासाठी माणसं दुखावली.

मग एके दिवशी बाजार उघडतानाच कोसळला. मी आदल्याच दिवशी माझं सगळं विकून मोकळा झालो होतो आणि मनातून खुशीत होतो. दुपारी फोन आला. बाजार पडला की ऑप्शन विकणाऱ्याने तूट भरायची असते; ताईची तूट तिचे गहाण शेअर विकून भरून घेतली होती. उरलं त्यात पायासुद्धा भरला नसता.

मी ऑफिसात जाऊन एवढा ओरडलो की मेडिकलचं गिऱ्हाईक जिन्यात येऊन उभं राहिलं. त्याने कॉम्प्युटरवर आमच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज वाढवला. "हो, हो, कर. ठेव आता." मग पुढच्या आठवड्याचा फोन. मग त्याच्या पुढचा. सगळीकडे मीच.

"मंजुरी कोणाची हाय शेठ?" त्याने विचारलं.

दोन दिवसांनी तलासरीला गेलो. ताई दारात नागली पाखडत बसली होती. मी सांगितलं.

"सगळे?"

"जवळजवळ."

"आणि तुझे?"

"माझे वाचले."

"बरं झालं," म्हणाली आणि पाखडत राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस."

"तुला त्यातलं कळलं नसतं, ताई."

"पाड्यावरच्या पोरांना पाढे शिकवलेत रे मी. मला समजवायला तुला एक दुपार लागली असती."

घर मी बांधून देतो म्हटलं. "तुझं नको, माझं आण," एवढंच बोलली.

तक्रार करायची तर खातं तिचं, म्हणून सही तिची हवी. मी मजकूर लिहून नेला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला. "यात तू कुठे आहेस? 'नातेवाइकाच्या फोनवरून' म्हणजे कोण? भाऊ लिही, नाव लिही, फोनवर काय बोललास ते लिही. मग करते सही."

मी तो कागद फाडला, तिला नको ते बोललो आणि मोटारसायकल काढली. तसं लिहिलं तर तो सुटेल आणि मी अडकेन, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे डहाणूरोड स्टेशनवर लोक काय म्हणतील याची लाज होती. त्या लाजेत तीन वर्षं गेली. ती अजून भाड्याच्याच खोलीत आहे.

गेल्या महिन्यात भेटली तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणाली, "प्लॉट विकतेय. दरवर्षी गवत कापायला माणूस मिळत नाही." घरी आलो आणि सगळं लिहून काढलं. माझं नाव, माझा फोन, माझे सगळे होकार. तिने वाचून सही केली. प्लॉट विकायचा थांबवला की नाही ते बोलली नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

माझ्यावर जे यायचं ते येईल. माझी चूक मी लिहून दिली आहे. आता त्या सब-ब्रोकरने उत्तर द्यावं. खातं बाईचं, अर्जावर फोटो बाईचा, सही बाईची आणि दर आठवड्याला फोनवर होकार देणारा पुरुष. तो पुरुष कोण हे, मला शेठ म्हणणाऱ्या तुला पक्कं ठाऊक होतं. मला तू मंजुरी कोणाची म्हणून विचारलंस, मग खातं जिचं आहे तिला एकदा तरी गाठून का विचारलं नाहीस? मला सांगू नकोस. तलासरीला जा, ताईच्या दारात उभा राहा आणि तिला सांग.