तीन उद्गारचिन्हांचा मेसेज

संशय हा माझा स्वभाव आधी आणि विषय नंतर. भाजीवाली "ताजी हाय" म्हणाली की मी भेंडीचं टोक मोडून बघते. शेजारीण जास्त गोड बोलली की हिला काय हवंय, याचा दिवसभर विचार करते. सोलापुरातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला प्रसारमाध्यमं शिकवायचं काम मिळालं, तेव्हा नवरा म्हणाला, "बरं झालं, घरातलं बाहेर तरी खपेल."

वर्गात पहिल्याच दिवशी मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिते. कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? सांगून त्याचं काय साधतंय? मग खोटा मेसेज कसा ओळखायचा ते सांगते. खाली नाव नसतं, तारीख नसते, शुद्धलेखनाचा पत्ता नसतो आणि शेवटी तीन-तीन उद्गारचिन्हं असतात. पोरं खूश होतात. दुसऱ्याचं खोटं पकडायला कुणाला आवडत नाही?

गेल्या फेब्रुवारीत एक बाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात स्टीलची रिकामी घागर. मला वाटलं, हजेरीसाठी रदबदली करायला आल्या असणार, आणि घागर हे नुसतं निमित्त. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीच्या आई निघाल्या. माझं प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घेणारी ती एकटीच.

"बाई, तुमी हिला काय शिकवता?" त्यांनी घागर माझ्या टेबलावर ठेवली. "गल्लीत कुणाच्या घरी पाण्याचा थेंब न्हाय."

आमच्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्यांच्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला होता, की या वेळी पाणी एक दिवस आधी, दुपारी दोनला सुटेल. गल्लीतल्या बायका टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जातात. पाणी भरायचं तर अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकावी लागते. त्यांनी या मुलीला विचारलं, कारण ती 'खरं-खोटं शिकते'. तिनं मेसेज वाचला आणि छातीठोक सांगितलं, खोटा आहे. सगळ्या कामावर गेल्या. पाणी बरोबर दोनला आलं, दोन तास वाहिलं. घरी असलेल्या दोन म्हाताऱ्यांनी भरलं तेवढंच.

"आता समदी गल्ली हिला अतिशहाणी म्हणती. हिचा ह्यो विषय सोडवा."

मुलगी मान खाली घालून बसली होती. मी वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. मला माझी कातडी वाचवायची होती, हे आज कबूल करते.

"तू खात्री केली होतीस?"

"तुमी सांगितलेलं सगळं बघितलं, मॅडम. नाव नव्हतं, तारीख नव्हती, तीन उद्गारचिन्हं होती."

"आणि विचारलंस कुणाला?"

तिनं वही चाळली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुणाला विचारायचं, ते तुमी सांगितलंच न्हाय की."

मला लाज वाटली. दहा वर्षं मी पोरांना शंका घ्यायला शिकवत होते. शंका घेतल्यावर चपला घालून कुठं जायचं, हे एकदाही सांगितलं नव्हतं. आईंना मी महिनाभराची मुदत मागितली. त्या घागर उचलून गेल्या.

 चौथ्या दिवशी मुलीनं चावीवाल्याला गाठलं. तो रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून गल्लीला पाणी सोडणारा माणूस. मेसेज त्यानंच लिहिला होता. "म्या कुटं सही-शिक्का मारू?" तो तिला म्हणाला, "एका हातात चावी असती, दुसऱ्या हातानं टाइप करतो." तिनं त्याचा नंबर वहीत घेतला आणि मलाही दिला.

पंधरा दिवसांनी पुन्हा वेळ बदलली. तिनं त्याला विचारून ग्रुपवर लिहिलं, की पाणी उद्या दुपारी तीनला येईल, चावीवाल्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि खाली आपलं नाव घातलं. उत्तरादाखल खिल्ली उडवणारे हसरे चेहरे आले. या वेळी पाणी आलं नसतं, तर विषय सुटलाच असता. शिवाय तिचा शब्द गल्लीत कायमचा संपला असता.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला मी त्यांच्या गल्लीत पोचले. घरोघरी कुलपं. दुधानं तोंड पोळलेल्या बायका कामावर गेल्या होत्या. एकाच दारात भांडी मांडलेली होती. घागरी, बादल्या, पातेली, कुकरचा डबासुद्धा. त्या दिवशी माझ्या टेबलावर घागर ठेवणाऱ्या आई पदर खोचून नळापाशी बसल्या होत्या, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून. मुलगी पाइपचं टोक धरून उभी होती आणि एकसारखी नळाकडे बघत होती.

"तुम्ही चावीवाल्याला विचारलंत वाटतं?" मी आईंना म्हटलं.

"त्येला कशाला इचारायचं? पोरगी म्हणाली की." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी इचारलं व्हय?"

"नाही," मी म्हणाले.

गाडी कोपऱ्यावर लावताना मी त्याला दोनदा फोन केला होता.